जर्मनीतलं परमिट संपत आलंय? टर्मिनची वाट पाहू नका, आधी अर्ज पोचवा

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "कार्ड १४ तारखेला संपतंय, टर्मिन अडीच महिन्यांनंतरची मिळालीये. मधल्या काळात काय करू?" कार्ड म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, आणि टर्मिन म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीसाठी मिळालेली वेळ. विचारणारा घाबरलेला असतो आणि उत्तरं दहा तोंडांनी दहा येतात. एक म्हणतो, काही होत नाही, निवांत राहा. दुसरा म्हणतो, उद्यापासून कामावर जाऊ नकोस. दोन्ही सल्ल्यांनी लोकांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्यामुळे आयटीवाल्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या जोडीला नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मंडळीही इकडे येण्याची तयारी करतायत. हा प्रश्न त्यांच्याही वाट्याला येणारच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. जर्मनीचा परदेशी नागरिकांच्या निवासाचा कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमात असं म्हटलंय की, परवान्याची मुदत संपण्याआधी तुम्ही तो वाढवण्याचा किंवा दुसऱ्या प्रकारच्या परवान्याचा अर्ज केलात, तर कार्यालयाचा निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं. राहण्याचा हक्क तसाच राहतो, आणि त्या परवान्यावर असलेली कामाची परवानगीही तशीच राहते. भारतातून येताना मिळालेल्या राष्ट्रीय व्हिसालाही, म्हणजे डी व्हिसालाही, हे लागू आहे. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर फिरायला किंवा मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना मात्र हे संरक्षण नाही.

या कलमात टर्मिनचा उल्लेख नाही. तिथे शब्द आहे 'अर्ज'. माझ्या ओळखीची एक नाशिकची मुलगी मास्टर्स करत होती, शिवाय एका कंपनीत वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारी विद्यार्थिनी, म्हणून काम करायची. तिने कार्ड संपायच्या महिनाभर आधी टर्मिन बुक केली, कन्फर्मेशनचा मेल जपून ठेवला आणि झालं असं समजली. त्या मेलमध्ये फक्त तारीख, वेळ आणि खोली क्रमांक होता. परवाना वाढवून मागितल्याचं एक वाक्यही त्यात नव्हतं. कार्ड संपलं त्या आठवड्यात कंपनीच्या एचआरने तिचं काम थांबवलं, आणि प्रकरण मार्गी लागेपर्यंत पाच आठवड्यांचा पगार गेला. काही शहरांत टर्मिन बुक करतानाच अर्ज भरून घेतात, तिथे प्रश्न येत नाही. पण आपल्या शहरात नेमकं काय होतं याच्या भरवशावर बसू नका.

मग टर्मिन नसताना अर्ज करायचा कसा? परदेशी नागरिकांचं कार्यालय म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे. बर्लिनमध्ये त्याचं नाव लांडेसआम्ट फ्युअर आइनवांडरुंग आहे, म्युनिकमध्ये ते काम केव्हीआर हा महापालिकेचा विभाग बघतो. तुमच्या शहराच्या कार्यालयाच्या साइटवर ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर तोच मार्ग घ्या आणि शेवटी येणारी पावती पीडीएफ करून ठेवा. सोय नसेल तर कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. अर्ज अमुक नमुन्यातच हवा असं कलम ८१ म्हणत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, परवान्याचा प्रकार, त्याची शेवटची तारीख आणि 'हा परवाना वाढवून मिळावा असा अर्ज करत आहे' असं जर्मनमध्ये स्वच्छ वाक्य, एवढं लिहा. सोबत पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू आणि हाताशी असतील ती कागदपत्रं जोडा. एखादं पत्र मिळायचं बाकी असेल तर 'नंतर पाठवतो' असं लिहा, पण त्याच्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

मी स्वतः ईमेलवर थांबत नाही. तोच अर्ज प्रिंट काढून, सही करून आइनवुर्फ-आइनश्राइबेनने, म्हणजे रजिस्टर टपालानेही पाठवतो. चार-पाच युरो लागतात, पण अर्ज कोणत्या दिवशी पोचला याचा पुरावा हातात राहतो. धरली जाते ती तारीख अर्ज पोचल्याची, टपालात टाकल्याची नव्हे. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, दोन-तीन महिने आधी कामाला लागा.

अर्ज पोचला की ज्याला आपण सगळे नुसतं 'फिक्शन' म्हणतो तो कागद मागायचा. पूर्ण नाव फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग, शुल्क १३ युरो. जुना परवाना चालू धरला जातोय, असं सांगणारा हा दाखला. तो हातात आला की लगेच उघडून आत बघा. तिथे तीन चौकोन असतात आणि एकात फुली मारलेली असते. फुली कलम ८१ पोटकलम ४ समोर असेल तर तुमचा जुना परवाना सगळ्या हक्कांसकट चालू आहे, परदेशी जाऊन परतही येता येतं. पोटकलम ३ समोर असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. या एका फुलीवर लोकांच्या दिवाळीच्या सुट्ट्या अडकल्यात. परवाना असताना वेळेत अर्ज केला असूनही फुली चुकीच्या चौकोनात पडलेली दिसली, तर तिथेच खिडकीवर विचारा.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुना परवाना चालू राहतो तो तुमच्या वेळेत पोचलेल्या अर्जामुळे. दाखला फक्त त्याचा पुरावा असतो. दाखला यायला वेळ लागला म्हणून तुमचा हक्क जात नाही. मात्र परदेशी कर्मचाऱ्याचा परवाना तपासून त्याची प्रत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे एचआरने कागद मागितला तर चिडू नका. अर्ज पोचल्याचा पुरावा आणि कलमाचा क्रमांक त्यांना लेखी पाठवा. कार्ड संपायच्या आधीच पाठवलात तर फारच चांगलं.

प्रवासाचं माझ्यापुरतं सांगतो. एका वर्षी संपलेलं कार्ड आणि पोटकलम ४ चा दाखला घेऊन मी पुण्याला जाऊन आलो. कागद बिनचूक होते, तरी परत निघताना मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या मुलीने तसा दाखला पूर्वी पाहिलेला नव्हता. तिने सुपरवायझरला बोलावलं, त्याने कुठेतरी फोन लावला, आणि मी चाळीस मिनिटं बॅगा बाजूला घेऊन उभा होतो. शेवटी सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: जाणं गरजेचं असेल तर संपलेलं कार्ड, दाखला, पासपोर्ट आणि नोकरीचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, थेट जर्मनीचं विमान घ्या आणि चेक-इनला नेहमीपेक्षा तासभर आधी जा. हाती दाखलाही नसेल तर जाऊ नका. आणि बाहेर किती दिवस राहता याकडेही लक्ष असू द्या. साधारणपणे सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परवानाच संपतो. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा खास परवाना असलेल्यांना, बारा महिन्यांची सूट आहे.

आता कागदपत्रं. सगळ्यांना लागतात ती अशी: वैध पासपोर्ट, सध्याचं कार्ड आणि त्यासोबतचा, कामाच्या अटी लिहिलेला हिरवा कागद, राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा म्हणजे आनमेल्डुंगचा दाखला, भाडेकरार आणि आरोग्य विम्याचं पत्र. नोकरदारांनी शेवटच्या तीन पगारपत्रिका, नोकरीचा करार आणि मालकाने भरून दिलेला नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म द्यायचा. हा फॉर्म एचआरकडून यायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, त्यामुळे तो पहिल्या दिवशी मागा. विद्यार्थ्यांना चालू सेमिस्टरचं प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि खर्चाच्या पैशांचा पुरावा लागतो. २०२४ च्या शरद ऋतूपासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, तेवढे पैसे नसतील तर स्कॉलरशिप किंवा अर्धवेळ नोकरीचा पगारही दाखवता येतो. बरेच विषय राहिलेले असतील तर प्राध्यापकांकडून किंवा विभागाकडून 'अमुक काळात शिक्षण पूर्ण होईल' असं पत्र आधीच घेऊन ठेवा. अधिकारी तेच विचारतात. शिक्षण पूर्ण झालेलं असेल तर विद्यार्थी परवाना वाढवत बसू नका, नोकरी शोधण्यासाठीचा १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मागा.

फोटोचा नियम १ मे २०२५ पासून बदलला. घरून कागदी फोटो नेऊन चालत नाही. प्रमाणित स्टुडिओतून थेट कार्यालयाकडे जाणारा डिजिटल फोटो लागतो किंवा कार्यालयातल्या मशीनवर काढावा लागतो. प्रौढांसाठी तीन महिन्यांहून जास्त मुदतवाढीचं शुल्क ९३ युरो आहे.

पासपोर्टकडे फार कमी लोक लक्ष देतात. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. पासपोर्टचे आठ महिने उरले असतील तर कार्डही आठ महिन्यांचंच हातात पडेल, पैसे आणि रांग मात्र पुन्हा. म्हणून आधी भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण उरका. बर्लिनचा दूतावास किंवा म्युनिक, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्गचा वाणिज्य दूतावास, यांपैकी ज्याच्या हद्दीत तुम्ही येता तिथे अर्ज जातो.

नोकरी बदलली किंवा सुटली असेल तर तो विषय मुदतवाढीच्या वेळी काढायचा नसतो. नोकरी मुदतीआधी संपली तर दोन आठवड्यांच्या आत तुम्ही कार्यालयाला कळवायचं असतं. मालकालाही चार आठवड्यांत कळवावं लागतं, म्हणजे ही गोष्ट झाकून राहत नाही. कळवलं की परवाना लगेच रद्द होतो अशी भीती घालतात, पण दुसरी नोकरी शोधायला सहसा काही महिने देतात. न कळवणं मात्र फाइलमध्ये कायमचं राहतं. हिरव्या कागदावर मालकाचं नाव छापलेलं असेल तर नवी नोकरी सुरू करण्याआधी परवानगी लागते. ब्लू कार्डवर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर कळवावं लागतं, आणि कार्यालय तो बदल ३० दिवस थांबवून तपासू शकतं.

तारीख उलटून गेली आणि अर्ज राहूनच गेला असेल तर? आजच, हा लेख बाजूला ठेवून, अर्ज पाठवा. एक दिवसाचा उशीर आणि दोन महिन्यांचा उशीर यांत फार फरक पडतो. उशिरा अर्ज केल्यावर जुना परवाना आपोआप चालू राहत नाही, पण माणसाची फार ओढाताण होऊ नये म्हणून कार्यालय तसा आदेश देऊ शकतं, आणि हेही कलम ८१ मध्येच आहे. अर्जात उशिराचं खरं कारण लिहा, पुरावा जोडा आणि हा आदेश स्पष्ट शब्दांत मागा. तो मिळेपर्यंत काम करू नका, देशाबाहेर जाऊ नका. परवान्याविना राहणं हा जर्मनीत गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण स्वतःहून पुढे आलेल्याचं प्रकरण आणि पोलिसांनी ट्रेनमध्ये पकडलेल्याचं प्रकरण एका मापाने मोजलं जात नाही. कारितास, डियाकोनी, आवो या संस्थांची स्थलांतरितांसाठीची सल्लाकेंद्रं मोफत मदत करतात, विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जावं. अर्ज लेखी फेटाळला गेला तर मात्र थेट वकील गाठा. अपिलाची मुदत सहसा एक महिन्याची असते आणि नुसतं अपील केल्याने परवाना जिवंत होत नाही.

याउलट, अर्ज वेळेत गेला पण महिनोन् महिने उत्तरच नाही, असंही होतं. तीन महिन्यांत सबळ कारणाशिवाय निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. अनेकदा वकिलाचं त्या अर्थाचं एक पत्रही पुरतं.

घरच्यांची कार्डं वेगवेगळी असतात, तारखाही वेगळ्या असू शकतात. नवऱ्याचं कार्ड वाढलं म्हणजे बायकोचं आणि मुलांचं वाढलं असं नाही, प्रत्येकाचा अर्ज हवा. इथे जन्मलेल्या बाळासाठी जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, त्यामुळे त्याच्या पासपोर्टच्या मागे लगेच लागा. आणि मुदतवाढ मागण्याआधी कायमस्वरूपी परवान्याला आपण पात्र झालोय का तेही बघा. ब्लू कार्डवर २७ महिने आणि ए१ (अगदी प्राथमिक) पातळीची जर्मन, किंवा बी१ (मध्यम) असेल तर २१ महिने, एवढ्यात तो मागता येतो. त्या काळातलं पेन्शन योगदान मात्र भरलेलं हवं.

बोटांचे ठसे दिल्यावर कार्ड बर्लिनच्या बुंडेसड्रुकेराइमध्ये छापलं जातं, चार ते सहा आठवडे धरून चला. ते हातात मिळालं की खिडकीसमोरून हलू नका. नावाचं स्पेलिंग, परवान्याचं कलम, शेवटची तारीख आणि हिरव्या कागदावरची कामाबद्दलची ओळ वाचून घ्या. चूक तिथल्या तिथे दाखवली तर काम सोपं होतं, आठवड्याने गेलात तर पुन्हा टर्मिन घ्यावी लागते. आणि नव्या तारखेच्या तीन महिने आधीचं रिमाइंडर तिथेच उभ्या उभ्या फोनमध्ये टाका.