दुबईत घर घेताना: मालकी, पैसे आणि वारसा

दुबईत घर घ्यायला तिथला रहिवासी व्हिसा लागत नाही. २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार, ठरवून दिलेल्या भागांत परदेशी माणसाला कायमची मालकी मिळते. दुबई मरिना, डाउनटाउन, पाम जुमेराह ही त्यातली ओळखीची नावं.

तयार घर असेल तर विक्रेत्याशी ‘फॉर्म एफ’चा, म्हणजे खरेदी-विक्रीचा ठरावीक नमुन्यातला करार करायचा, बिल्डरची एनओसी (ना-हरकत पत्र) घ्यायची आणि दुबईच्या भूमी विभागाने नेमलेल्या ट्रस्टी (नोंदणी) कार्यालयात नोंदणी करायची. कागद म्हणून पासपोर्ट. तिथं राहत असाल तर एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) ही. नोंदणी शुल्क किमतीच्या ४ टक्के. बांधकाम चालू असेल तर ‘ऊकूद’ ही तात्पुरती नोंदणी होते आणि हप्ते प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या बांधकामासाठी राखलेल्या खात्यात भरायचे असतात. एजंट दुसरा खाते क्रमांक देत असेल तर तिथंच थांबा.

खरी गुंतागुंत भारतातून पैसे पाठवताना होते. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. नवरा-बायको मिळून पाठवू शकतात, पण मग घरावर दोघांचंही नाव हवं. रक्कम वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) घेते. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात हे घर दाखवावंच लागतं. ते राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ब्रोशरमध्ये हे कुणी छापत नाही.

आता वारसा. यूएईचा (दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीचा) बिगरमुस्लिमांसाठीचा नवा वैयक्तिक कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्यात मृत्युपत्र नसेल तर निम्मा हिस्सा जोडीदाराला आणि निम्मा मुला-मुलींना सारखा. तरीही त्यावर विसंबू नये, कारण कोणता कायदा लावायचा हे तिथल्या कोर्टापुढेच ठरतं. मृत्युपत्र करून ते डीआयएफसीच्या (दुबईतल्या आर्थिक केंद्राच्या) मृत्युपत्र केंद्रात नोंदवलेलं बरं. २१ वर्षांवरील बिगरमुस्लिमांना ही सोय आहे. त्यासाठी दुबईत राहायची अट नाही.

वारसांनी एक लक्षात ठेवावं: भारतातल्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं अपोस्टिल, म्हणजे अपोस्टिल करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का, चालत नाही, कारण यूएई त्या करारात नाही. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असे शिक्के घ्यावे लागतात. वर अरबी भाषांतर.