‘यावर पोक्सो लागेल का?’ : पोक्सो आणि जेजे या दोन कायद्यांतला फरक

कोथरूडच्या एका शाळेत पालकसभा संपल्यावर एक आई माझ्यापाशी थांबली. तिच्या चौथीतल्या मुलाला वर्गात लाकडी पट्टीने मारलं होतं, पोटऱ्यांवर वळ उठले होते. ‘‘मॅडम, यावर पोक्सो लागेल का?’’ त्याच महिन्यात एका वडिलांचा फोन आला. व्हॅनवाले काका त्यांच्या मुलीला मोबाइलवर घाणेरडे व्हिडिओ दाखवत होते. ‘‘हात नाही लावला हो त्यांनी,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे पोक्सो नाही ना? बाल कल्याण समितीला अर्ज देऊन बघू का?’’

दोघांनीही नेमकं उलटं धरलं होतं. नुसत्या मारहाणीला पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, लागत नाही. आणि मुलाला अश्लील व्हिडिओ दाखवणं हा हात न लावताही पोक्सोतला गुन्हा आहे. शाळांमध्ये समुपदेशन करताना हा घोळ मला शिक्षकांकडे, मुख्याध्यापकांकडे, कधी कधी वकिलांकडेही दिसतो. त्यात जे दिवस वाया जातात, ते त्या मुलाचे जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पुण्यात ‘जेजे’, म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५, घराघरात पोचला तो १९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला. तेव्हापासून जेजे म्हणजे अल्पवयीन आरोपीला सोडवणारा कायदा, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली. पण त्याच प्रकरणात मुलाच्या वडिलांवर आणि दारू देणाऱ्यांवर जी कलमं लागली, ७५ आणि ७७, तीही याच कायद्यातली आहेत. मुलाला धोक्यात लोटणं आणि त्याला दारू देणं, यासाठीची. ही बाजू चर्चेत फारशी आलीच नाही.

दोन्ही कायद्यांत अठराच्या आतला प्रत्येक जण बालक, मुलगा असो वा मुलगी. साम्य इथपर्यंतच. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि तो फक्त लैंगिक गुन्ह्यांपुरता आहे. आरोपीने काय केलं, हे तो पाहतो. बलात्कारापासून ते लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शापर्यंत, आणि स्पर्शाशिवाय केलेले हावभाव, शेरे, पाठलाग, व्हिडिओ दाखवणं, हे सगळं त्यात येतं. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा लैंगिक हल्ला नव्हे, असा निकाल २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, कातडीला कातडी लागली की नाही हे नव्हे. तरी ‘कपड्यावरूनच केलं ना’ हे वाक्य मी अजून ऐकते.

१५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या जेजे कायद्यात दोन प्रकारच्या मुलांचा विचार आहे. एक विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल. त्याचा निर्णय बाल न्याय मंडळ करतं. दुसरं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. त्याचा निर्णय बाल कल्याण समिती करते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. समितीवर अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. येरवड्याच्या निरीक्षणगृहाला लोक अजून रिमांड होम म्हणतात आणि ‘समिती’ म्हटलं की त्यांना तेच आठवतं. त्यामुळे पीडित मुलीचे आईवडील समितीचं नाव काढताच घाबरतात, आपल्या मुलीला गुन्हेगार ठरवतील असं त्यांना वाटतं. तसं काही नाही. पीडित मूल मंडळासमोर आरोपी म्हणून उभं राहत नाही.

आता त्या पट्टीच्या वळांकडे येते. जेजेचं कलम ७५ क्रूरतेबद्दल आहे. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने मारलं, सोडून दिलं, हेळसांड केली, विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या माणसाने हे केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मेख ‘ताबा’ या शब्दात आहे. सोसायटीतल्या शेजाऱ्याने चेंडू लागला म्हणून मुलाच्या कानाखाली मारली, तर हे कलम लागणार नाही. तिथे भारतीय न्याय संहितेतली दुखापतीची कलमं पाहावी लागतात. शिक्षकाच्या माराला कलम ७५ कधी लागतं, याबद्दल वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला स्वच्छ मनाई केली आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई व्हायलाच हवी. त्या आईला मी तीन कागद करायला सांगितले : डॉक्टरांचा दाखला, शिक्षणाधिकाऱ्यांना तक्रार आणि पोलिसांना अर्ज.

कलम ७५ मधली एक ओळ मला फार मोलाची वाटते. जन्मदात्या आईवडिलांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं, तर ते जाणूनबुजून केलेलं नाही असं कायदा धरतो. ससून रुग्णालयाच्या पायरीवर मूल ठेवून जाणाऱ्या आईला एकदम गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी.

पोलीस ठाण्यात सर्वांत जास्त अडतं ते एका वेगळ्याच ठिकाणी. पोक्सोचा गुन्हा पोलिसांनी नोंदवून लगेच तपासाला घ्यायचा असतो. जेजेतल्या तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांना मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अदखलपात्र केलं. म्हणजे ठाणे अंमलदार ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) लिहून देतो आणि तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलांसाठी काम करणाऱ्यांनी या दुरुस्तीला विरोध केला होता आणि मलाही ती चुकीचीच वाटते. सध्या वाट एकच : त्याच घटनेत न्याय संहितेतलं एखादं दखलपात्र कलम बसत असेल तर ते लावायला सांगायचं, कारण एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

कळवण्याची सक्तीही दोन्हीकडे वेगळी आहे. स्वारगेटला किंवा पुणे स्टेशनवर एकटं, हरवलेलं मूल दिसलं तर जेजेप्रमाणे २४ तासांत चाइल्डलाइन, पोलीस, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणालाही कळवलं तरी चालतं. पोक्सोत तसं नाही. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकालाच सांगावं लागतं. समितीला अर्ज दिला, संस्थेला सांगितलं, शाळेने चौकशी समिती नेमली, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने दिलेली माहिती पुढे टिकली नाही, तरी सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुख्याध्यापकांनो, ‘आधी आम्ही आतल्या आत शहानिशा करतो’ हे कृपा करून थांबवा. शहानिशा पोलीस करतील.

मागे हडपसरकडच्या एका मुलीच्या बाबतीत हे दोन्ही कायदे एकत्र चालताना मी पाहिले. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. अकरा वर्षांची ही मुलगी मावशीकडे राहत होती आणि त्रास देणारा घरातलाच माणूस होता. शाळेतल्या बाईंना संशय आला. घरच्यांना बोलावून विचारू, असं शाळेचं म्हणणं पडलं. बाई अडून बसल्या आणि त्याच दिवशी पोलिसांना फोन झाला. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक सलवार-कमीज घालून आल्या, कारण पोक्सोत जबाब घेताना गणवेश चालत नाही आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी केली. इथपर्यंत पोक्सोचं काम.

आरोपी त्याच घरात राहणारा, म्हणून पोलिसांना २४ तासांत मुलीला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागलं. इथून समितीचं काम. मुलीला त्या घरातून काढायचं का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं. बालगृह हा शेवटचा पर्याय. या मुलीची आजी गावाकडे होती. समितीने चौकशी करून तिला पुण्यात बोलावून घेतलं आणि मुलगी तिच्या हवाली केली. तातडीच्या खर्चासाठी शिफारस केली आणि एक सपोर्ट पर्सन नेमून दिली : पोलीस, रुग्णालय, न्यायालय, सगळीकडे मुलीच्या बाजूने चालणारी व्यक्ती. हे पद पोक्सोच्या नियमांत आहे, पण नेमणूक समितीच्या हातून होते. म्हणून कुणी ‘पोक्सो झाला, आता समितीचं काय काम’ म्हणालं की मला ही मुलगी आठवते. समिती नसती तर गुन्हा नोंदवून ती त्याच घरात परत गेली असती.

साक्षीच्या आदल्या दिवशी ती सपोर्ट पर्सन तिला शिवाजीनगरच्या न्यायालयात घेऊन गेली, रिकामी खोली दाखवायला. आरोपीचे वकील थेट तुला प्रश्न विचारणार नाहीत, ते न्यायाधीशांना सांगतील आणि न्यायाधीश तुला विचारतील, हे तिने समजावलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘मला ते दिसतील का?’’ सपोर्ट पर्सनने तिला पडदा दाखवला. मुलगी पडद्याच्या अलीकडे जाऊन उभी राहिली, मग पलीकडे गेली, तिथून आजीला हाक मारली आणि आपण खरंच दिसत नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं.