बर्फाआधी रस्ता गाड्याच अडवतात

डिसेंबर सरत आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हटकून शेजारीशेजारी येतात. मनालीत बर्फवृष्टी, पर्यटक अडकले. आणि निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागायतदार धास्तावले. दोन्हींमागचा कर्ता बऱ्याचदा एकच असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयाला धडकतात आणि सोबत आणलेलं बाष्प तिथे बर्फाच्या रूपात रितं करतात. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेची कोरडी, गार हवा दक्षिणेकडे उतरते आणि गोदाकाठी येऊन थडकते. म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कितीही खाली गेला तरी निफाडला बर्फ पडत नाही. हवेत तेवढं बाष्पच उरलेलं नसतं. पानांवरचं दव गोठतं, तेवढंच.

पण आपल्याकडे पडत नसलेला बर्फ बघायला आपण आवर्जून तिकडे जातो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीच्या वरची रोहतांग खिंड बंद असतानाही गाडी पलीकडच्या लाहौल खोऱ्यापर्यंत नेता येऊ लागली. पूर्वी ज्या काळात तिकडे कुणी फिरकत नसे, त्याच काळात आता सर्वाधिक झुंबड असते. २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान सुमारे १,००० गाड्या अडकल्या. अशा वेळी ‘बर्फामुळे रस्ता बंद’ असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

आधी बर्फाचं ओझं किती असतं ते पाहू. नुकत्याच पडलेल्या भुरभुरीत बर्फात बहुतेक जागा हवेनेच व्यापलेली असते. त्याचं एक घनमीटर साधारण १०० किलो भरतं, कधी त्याहूनही कमी. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर १० सेंटीमीटरचा थर पडला, तर ते झाले ७० टन. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओला आणि जड पडतो, मग तेवढ्याच थराचं वजन तिप्पटही होऊ शकतं. हा ७० टन बर्फ विजेने वितळवायचा म्हटलं, तर किमान ६,५०० युनिट लागतील. कारण एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावर असला, तरी त्याचं शून्य अंशाचं पाणी व्हायलाच ८० कॅलरी मोजाव्या लागतात. त्यामुळे जगभर पहिला उपाय एकच: वितळवू नका, ढकला. पण ढकलणाऱ्या यंत्राला पुढे मोकळा रस्ता लागतो, आणि घोटाळा नेमका इथे होतो.

टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणांकाचा, म्हणजे पकड किती हे सांगणाऱ्या आकड्याचा, हिशेब करून बघा. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ असतो, चाकांखाली दबलेल्या बर्फावर ०.२ आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या सपाट रस्त्यावर ९ मीटरमध्ये थांबते, दबलेल्या बर्फावर ३१ मीटर घेते, गोठलेल्या थरावर ६३. आता त्यात उतार मिळवा. १०० मीटरला ७ मीटर उतरणारा रस्ता घाटात काही विशेष नाही, पण ०.१ मधले ०.०७ गुरुत्वाकर्षणच खाऊन टाकतं. गाडी थांबवायला उरतात फक्त ०.०३, आणि अंतर जातं २०० मीटरच्या पुढे. कसारा घाटात ऐन पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला आपण सगळं पाहिलंय असं वाटतं. ओल्या डांबरावर घर्षण घटतं खरं, पण या पातळीला ते कधी येत नाही. फोर बाय फोर गाडीचाही इथे उपयोग नाही. चारही चाकांना ताकद मिळाल्याने चढ चढता येतो. थांबताना ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. शिवाय आपल्याकडच्या टायरचं रबर उन्हाळा सोसायला केलेलं. सात अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतं आणि रस्त्याला धरेनासं होतं.

बर्फ इतका निसरडा का, यावर भौतिकशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो, हे शाळेतलं उत्तर अपुरं आहे. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १३५ पट दाब लागतो. माणसाच्या बुटाची काय कथा! बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात आणि शून्याखालीही तिथे एक पातळ, पाण्यासारखा थर असतो, हे मायकेल फॅरडेने एकोणिसाव्या शतकातच सुचवलं होतं. घसरण्याने निर्माण होणारी उष्णता त्यात भर घालते. म्हणून कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या जरा खालचा बर्फ जास्त दगा देतो, आणि मनालीच्या रस्त्यांवर डिसेंबरच्या संध्याकाळी नेमकं हेच तापमान असतं. दिवसभर चाकांनी दाबलेला, थोडा वितळलेला बर्फ सूर्य कलला की पुन्हा गोठतो.

मग पहिली गाडी आडवी होते. मागची तिला चुकवायला जाते आणि तीही अडकते. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना रांगा लागतात आणि सीमा रस्ते संघटनेचा डोझर त्या रांगेच्या शेपटीला उभा राहतो. बर्फ पडतच राहतो, गाड्यांच्या भोवती साठतो. चार इंच बर्फ यंत्र सहज बाजूला सारतं, पण मधे उभ्या असलेल्या हजार गाड्यांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून बर्फाळ देशांत मीठ किंवा खारं पाणी बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर टाकतात. मीठ उष्णता देत नाही. पाण्याच्या रेणूंना पुन्हा बर्फात रचू देत नाही, त्यामुळे गोठणबिंदू उतरतो. पूर्ण संपृक्त मिठाचं पाणी प्रयोगशाळेत उणे २१ अंशांपर्यंत टिकतं, रस्त्यावर मात्र उणे १० च्या खाली मीठ फारसं कामाचं राहत नाही. तिथून पुढे वाळू. ती काही वितळवत नाही, नुसती पकड देते. कसाऱ्याच्या चढावर रेल्वेची इंजिनं चाकांपुढे वाळू सोडतात, त्यामागचं तत्त्व हेच.

विमानतळही याच कारणाने अडतात. १८ डिसेंबर २०१० ला लंडनचं हीथ्रो बर्फाने ठप्प झालं आणि पुढच्या काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. धावपट्टी साफ करणं त्या मानाने सोपं होतं. विमानं उभी करायच्या जागांवर, उभ्या विमानांच्या चाकांभोवती साचून गोठलेला बर्फ काढणं जिकिरीचं ठरलं. तिथेही यंत्राला वाट नव्हती.

ब्रिटिश रेल्वेची १९९१ ची गोष्ट वेगळी आणि मला जास्त आवडणारी. फेब्रुवारीत गाड्या बंद पडल्या, तेव्हा एका अधिकाऱ्याने रेडिओवर सांगितलं की हा बर्फ आपल्याकडे क्वचितच पडणाऱ्या प्रकारचा आहे. वर्तमानपत्रांनी लगेच ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ म्हणून त्याची यथेच्छ टर उडवली. पण माणूस बरोबर बोलत होता. ब्रिटनमध्ये एरवी ओला, चिकट बर्फ पडतो. त्या वेळी पडला तो कोरडा, पिठूळ. हवेबरोबर तो विजेच्या मोटारींच्या थंडाव्याच्या झडपांतून आत ओढला गेला, तिथे वितळला आणि शॉर्टसर्किट झालं. काश्मीरसाठी २०२५ मध्ये सुरू झालेल्या कटरा–श्रीनगर वंदे भारतमध्ये पुढच्या काचेत, पाण्याच्या टाक्यांना आणि स्वच्छतागृहांच्या नळ्यांना तापवण्याची सोय मुळातच केली आहे, ती अशा थंडीचा विचार करूनच.

तयारी किती ठेवायची, हा मात्र शेवटी पैशांचा प्रश्न. जपानच्या सप्पोरो शहरात सुमारे २० लाख लोक राहतात आणि दर हिवाळ्यात एकूण पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तिथे यंत्रं रोज राबतात, त्यामुळे परवडतात. लंडनला ती वर्षातले अकरा महिने झाकून ठेवावी लागतील. उद्या नाशिक महापालिकेने बर्फ ढकलायची निविदा काढली तर आपणच मोर्चा नेऊ. तेव्हा लंडन चार दिवस ठप्प होतं, त्यात मला फार मोठा गुन्हा दिसत नाही. मनालीला ही सबब चालत नाही. तिथे बर्फ दरवर्षी येतो, अंदाज आधी कळतो, आणि दुपारीच गाड्या परत फिरवणं फुकट असतं.

जपानमधल्याच नागाओका शहराने १९६० च्या दशकात वेगळी वाट धरली. रस्त्याच्या मध्यात नळ्या पुरून त्यांतून भूजलाचे फवारे सोडले. हिवाळ्यातही हे पाणी १३-१४ अंशांचं असतं. एक किलो बर्फ वितळवायला ते सहा किलो लागतं. म्हणजे आपल्या ७० टनांसाठी दहा हजार लिटरचे चाळीसेक टँकर, दर किलोमीटरला. येवला-सिन्नरच्या माणसाला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. नागाओकातही बेसुमार उपशाने जमीन खचू लागली आणि उपशावर लगाम घालावा लागला. निफाडचे बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला देतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात, तेही याच उष्णतेच्या भरवशावर. फक्त तिथे रात्री तीनला उठून मोटार कोण सुरू करणार, हे घरात आधीच ठरलेलं असतं.

अडकलेल्या गाडीत खरा धोका थंडीचा वाटतो, पण आणखी एक धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ जणांचा जीव गेला. काचा बंद, हीटर चालू आणि सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलेलं, अशा गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि ती थकव्याची झोप वाटते. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने, ताटलीने, मिळेल त्याने उकरायचा. बर्फ पडत असेल तर दर वेळी नव्याने. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवायचं, ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, आणि गाडीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी झोपायचं नाही.