तुरटीला न जुमानणारं मीठ

मराठवाड्यात उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात आणि सगळी भिस्त बोअरवर येते. बऱ्याच गावांत हे पाणी दिसायला नितळ, पण चवीला मचूळ. तलावाच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. या नितळ पाण्यापुढे मात्र तुरटी हात टेकते. फडक्यातून गाळूनही काही होत नाही. उकळलं तर भांड्याला पांढरा थर धरतो खरा, पण तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा. मीठ जागचं हलत नाही. उलट पाणी आटल्याने चव आणखी खारट.

मातीचा कण कितीही बारीक असो, त्यात असंख्य अणू एकत्र असतात. विरघळलेल्या मिठाचा असा कणच उरत नाही. मिठाच्या खड्यात धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड एकाआड एक बसलेले असतात. त्यांची एकमेकांना ओढ एवढी दांडगी, की नुसत्या उष्णतेने खडा वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. तेच काम रांजणातलं गार पाणी सहज करतं!

याचं कारण पाण्याच्या रेणूच्या वाकड्या बांध्यात आहे. ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार, दोन हायड्रोजनकडे थोडा धन. खड्याच्या कडा-कोपऱ्यांवरचा सोडियम दिसला की हे रेणू ऑक्सिजनची बाजू पुढे करून त्याला भिडतात. क्लोराइडला हायड्रोजनची बाजू. सुटलेल्या सोडियमभोवती साधारण सहा रेणूंचं कोंडाळं जमतं, वरातीत नवरदेवाभोवती मित्रांचं जमतं तसं. शिवाय पाण्यात या भारांची आपसातली ओढ सुमारे ८० पट क्षीण होते, त्यामुळे जोडी पुन्हा सहजी जुळत नाही.

खडा फोडायला लागणारी ऊर्जा आणि कोंडाळं जमताना मिळणारी ऊर्जा यांचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. जी किंचित तूट येते ती पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते, म्हणून मीठ टाकलेलं पाणी जरासं गार होतं. याच बरोबरीमुळे पाणी तापवूनही फार फायदा नाही: १०० ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं, उकळत्या पाण्यात ३९. साखरेचं गणित वेगळं, ती गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते.

साखरेचे रेणू भारहीन, अख्खेच सुटतात. म्हणून फिल्टरवाल्याचा टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा) शुद्ध पाण्यात नुसती साखर विरघळवून बुडवला तर आकडा फारसा हलत नाही आणि चिमूटभर मीठ टाकलं की एकदम उसळतो. तो मीटर क्षार मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. विरघळलेलं मीठ भारित तुकड्यांत वेगळं होतं, हे १८८४ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने प्रबंधात मांडलं तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. १९०३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

बोअरच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. काळ्या बेसाल्ट खडकातून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्यात उतरतात. डाळ शिजत नाही ती त्यांच्यामुळे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आरओ यंत्र दाब देऊन पाण्याचे रेणू पडद्यापार ढकलतं आणि भारित तुकडे बहुतांशी अलीकडेच अडवतं. ते नष्ट होत नाहीत, यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात आणखी दाट होतात. हे पाणी फरशी पुसायला ठीक. कुंडीतल्या तुळशीला रोज घातलं तर क्षार मातीत साचत जातात.