मानवाटू नदी : बांधांचा हिशेब आणि नत्राचा हिशेब

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली स्थानिक शासनाची फेररचना झाली, तेव्हा प्रादेशिक परिषदांच्या सीमा बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांवरून आखण्यात आल्या. पाणी ज्या डोंगररांगेपर्यंत एका नदीकडे वाहते, तिथपर्यंत एक परिषद, अशी ही कल्पना होती. १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने नदीतून पाणी उचलणे, सांडपाणी सोडणे आणि शेतजमिनीतून पाझरणारी द्रव्ये यांवरील नियंत्रण याच परिषदांकडे सोपवले. खर्चाचा मोठा भाग स्थावर मालमत्तेवरील करातून येतो. शहरातल्या घरमालकाला नगर परिषदेच्या घरपट्टीखेरीज प्रादेशिक परिषदेची आकारणीही भरावी लागते.

उत्तर बेटावरील मानवाटू नदी हॉरायझन्स या प्रादेशिक परिषदेच्या सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरच्या हद्दीत येते. रुआहिने पर्वताच्या पूर्व उतारावर उगम पावून ती एका घळीतून डोंगररांग भेदते आणि पश्चिमेकडच्या समुद्राला मिळते. खालच्या सपाट प्रदेशात तिला पूर येतो तेव्हा माउटोआ येथील नऊ दरवाजे उघडून पाणी एका सरळ, गवताळ पूरमार्गात वळवले जाते. १९६२ पासून वापरात असलेला हा मार्ग नदीची लांबलचक नागमोडी वळणे टाळून पाणी समुद्राच्या दिशेने नेतो. एरवी त्याच जमिनीवर गुरे चरतात.

अशा कामांसाठी परिषद सर्वसाधारण कराबरोबर ‘लक्ष्यित’ कर लावते. बांधामुळे ज्याच्या जमिनीचे थेट रक्षण होते, त्याच्याकडून जास्त घेतले जाते आणि दूरच्याकडून कमी. त्यासाठी लाभाच्या प्रतीनुसार जमिनीचे वर्ग पाडलेले असतात. पामर्स्टन नॉर्थ शहराचे बांध ‘५०० वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पुरासाठी बांधलेले आहेत. हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. असा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची ५०० वर्षे निश्चिंती, असे नव्हे; दरवर्षी तो येण्याची शक्यता ०.२ टक्के असते, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ही शक्यता सुमारे ६ टक्क्यांवर जाते, तर ‘१०० वर्षांतून एकदा’च्या पुराबाबत ती २६ टक्के भरते. नकाशा, बांधाची उंची आणि शक्यतेचा आकडा एवढे हाती असले की करदात्याला हिशेब पटवता येतो.

फेब्रुवारी २००४ च्या अतिवृष्टीने मात्र बांधांपलीकडचा प्रश्न पुढे आणला. झाडे तोडून कुरणे केलेल्या मऊ खडकाच्या टेकड्यांवर हजारो दरडी कोसळल्या आणि ती माती नदीत उतरली. नदीपात्र गाळाने भरले तर खालचा बांध कितीही उंच असला तरी तोकडाच पडणार. म्हणून परिषदेने उतारावरील शेतांसाठी स्वतंत्र आराखडे करून पॉप्लर आणि विलोची लागवड वाढवली. त्याचा भार केंद्र सरकार, करदाते आणि शेतमालक मिळून उचलतात.

खरी अडचण नत्राची आहे. चरणारी गाय जिथे मूत्र टाकते, त्या छोट्याशा ठिपक्यावर नत्राचे प्रमाण हेक्टरी ५०० ते १००० किलोच्या घरात जाते. गवताला तेवढे शोषता येत नाही. उरलेल्या नत्राचे नायट्रेट होते. त्यावर ऋण प्रभार असल्यामुळे मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत आणि ते पावसाबरोबर भूजलात झिरपते. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) वागणे वेगळे आहे. तो मातीला चिकटतो आणि गाळाबरोबर येतो. उन्हाळ्यात पाणी उथळ झाले की दोन्हींच्या जोरावर दगडांवर शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते आणि पहाटे माशांचा जीव गुदमरतो. नदीकाठच्या होपलँड्सजवळ प्राणवायूचे हे चढउतार इतके मोठे आढळले, की २००९ मध्ये वृत्तपत्रांनी मानवाटूची गणना पाश्चात्त्य जगातील सर्वांत वाईट नद्यांत केली. मापन खरे होते, मथळा मात्र ताणलेला होता, कारण या एका मोजमापावरून नद्यांची क्रमवारी लावता येत नाही.

किती नायट्रेट चालेल, याचे उत्तरही प्रश्नावर अवलंबून असते. जलचरांच्या विषबाधेच्या दृष्टीने नायट्रेटमधील नत्राची राष्ट्रीय मर्यादा आधी लिटरमागे ६.९ मिलिग्रॅम होती, ती २०२० मध्ये २.४ वर आणली गेली. शेवाळ रोखण्यासाठी मात्र हॉरायझन्सच्या ‘वन प्लॅन’ (एकच आराखडा) या प्रादेशिक आराखड्यामध्ये नदीच्या काही भागांसाठी विद्राव्य नत्राचे उद्दिष्ट ०.४४४ मिलिग्रॅम ठेवले गेले.

शेतागणिक झिरपणारे नत्र प्रत्यक्ष मोजणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे ‘ओव्हरसीअर’ या संगणकीय प्रारूपावर भिस्त ठेवण्यात आली. २०१४ मध्ये ‘वन प्लॅन’ लागू झाला, पण तो नीट अमलात येत नाही, असा निर्णय २०१७ मध्ये पर्यावरण न्यायालयाने दिला. २०२१ मध्ये तर सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी या प्रारूपाच्या अंदाजांवर विश्वास ठेवता येत नाही, असे सांगितले. खत आणि चाऱ्याचे नियोजन करण्यासाठी बनलेल्या साधनाला शेतीच्या परवान्याची तराजू बनवले, तेव्हाच हा वाद ओढवून घेतला होता, असे मला वाटते.

शेजारच्या वायकाटो परिषदेने टाउपो सरोवरासाठी दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक शेताला नत्राची कमाल मर्यादा ठरवून दिली गेली. केंद्र सरकार आणि स्थानिक करदात्यांच्या पैशांतून उभारलेल्या निधीने शेतकऱ्यांकडून नत्राचे हक्क कायमचे विकत घेऊन मानवनिर्मित नत्र २० टक्क्यांनी घटवले. प्रारूप तिथेही तेच होते, पण हक्क सोडणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत असल्याने समेट शक्य झाला. सरोवरात त्याचा परिणाम दिसायला मात्र वेळ लागतो, कारण भूजल तिथे अतिशय संथ वाहते आणि कित्येक दशकांपूर्वी कुरणांत मुरलेले नत्र अजूनही पाण्यात उतरत आहे.