काम सुटलं, त्यात आजारपण आलं: ईएसआयचे पैसे कोणत्या दिवसांचे आणि कधी मिळतात

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी बरीच वर्षं हजेरी आणि पगारपत्रकाचं काम केलं. आता घरीच असते, पण गल्लीतली, नात्यातली पोरं अजूनही कागदांची पिशवी घेऊन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, पगारातनं ईएसआय कापत होते. आता काम सुटलंय. त्याचं काही मिळतं का?"

मिळतं. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांचा सरकारी विमा. काम सुटल्यावर त्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून रोख मदत मिळते, आणि आजारी पडल्यास आजारपण लाभ वेगळा मिळतो. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे: एका दिवसाचे पैसे एकदाच. तो दिवस आजारपणात मोजला असेल तर बेकारीत मोजता येत नाही, आणि बेकारीत मोजला असेल तर आजारपणात नाही. माझ्याकडे आलेले बरेचसे अडकलेले अर्ज इथेच अडकलेले होते.

आधी तुम्ही यात बसता का ते बघा. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला (दिव्यांग असल्यास 25,000) ईएसआय लागू होतं. 1 जुलै 2019 पासून कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 टक्के भरतो; हीच ईएसआयची वर्गणी. पगार 15,000 असेल तर तुमचे 113 रुपये आणि मालकाचे 488. पगारपत्रकावर ही कपात दिसायला हवी आणि तुमच्याकडे दहा आकडी विमा क्रमांक हवा. कपात दिसते पण क्रमांकच माहीत नाही, असं असेल तर काम चालू असतानाच तो मागून घ्या. काम सुटल्यावर ऑफिसातलं माणूस फोन उचलेलच असं नाही.

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. साखर आणि गूळ तयार करणारे हंगामी कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत. म्हणून गाळप हंगामापुरतं साखर कारखान्यात काम केलेला माणूस हंगाम संपल्यावर या योजनेकडे आला तर बहुधा त्याच्या नावावर वर्गणीच सापडत नाही. त्यात त्याचा दोष नाही, पण या अर्जापायी त्याने खेटे घालू नयेत.

काम सुटल्याची मदत

ही योजना 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. सुरुवातीला ती दोन वर्षांसाठी प्रायोगिक होती, पुढे तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारा: माझं काम सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का? पहिल्यांदा मदत सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के होती. कोरोनाच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, ती 50 टक्के केली आणि 90 दिवस थांबण्याची अट 30 दिवसांवर आणली. आयुष्यात एकूण 90 दिवसांचीच मदत मिळते.

वर्गणीची अट नीट समजून घ्या. ईएसआयचं वर्ष दोन भागांत मोजतात: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. काम सुटण्याच्या लगतच्या आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. शिवाय दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाहींपैकी कुठल्याही एकीत पुन्हा 78 दिवस हवेत. विम्याखालची नोकरी किमान दोन वर्षांची हवी. कंत्राटी पोरांना मधे मधे "ब्रेक" देतात, एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे वळवतात, कधी नवीन विमा क्रमांकही काढतात. असे दोन क्रमांक झाले असतील तर आधी शाखेत जाऊन ते एकत्र करून देण्याचा अर्ज द्या. नाहीतर दोन वर्षं घाम गाळून कागदावर मात्र आठच महिने दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काम का सुटलं ते. स्वतःहून नोकरी सोडली, निवृत्ती झाली, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा गैरवर्तनाबद्दल कामावरून काढलं, तर ही मदत मिळत नाही. आणि आपल्याकडे होतं काय? सुपरवायझर म्हणतो, "फायनल हिशोब पाहिजे ना, मग राजीनाम्यावर सही कर." पोरगं सही करतं. काम नाही म्हणून घरी बसवलेला माणूस त्या कागदावर स्वतःहून गेलेला ठरतो. माझी कळकळीची विनंती आहे, काम कमी झाल्यामुळे काढत असतील तर राजीनामा लिहून देऊ नका. "कामाअभावी कमी करण्यात येत आहे" अशा अर्थाचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर तसा मेसेज येईल असं बघा आणि तो जपून ठेवा.

ऑफिसच्या बाजूनेही एक गोष्ट घडते, ती मी स्वतः पाहिलेली आहे. दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत ऑनलाइन भरायची असते. ज्या कामगाराचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही, अशी ती यादी असते. 14 तारखेच्या रात्री शे-दीडशे नावं भरताना बरेच जण सरसकट "नोकरी सोडली" निवडून मोकळे होतात. माझ्या शेजारच्या टेबलावर हे व्हायचं आणि तेव्हा त्याचं गांभीर्य मलाही कळत नव्हतं. म्हणून काम सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसला सांगा की माझ्या नावापुढे खरं कारण आणि कामाचा खरा शेवटचा दिवस टाका.

मदतीची रक्कम अशी काढतात: मागच्या चार सहामाहींतली एकूण कमाई भागिले 730, आणि त्याचं निम्मं. 15,000 पगाराने चोवीस महिन्यांची कमाई 3,60,000 रुपये. 730 ने भागल्यावर रोज 493 रुपये 15 पैसे, निम्मे 246 रुपये 58 पैसे. पूर्ण 90 दिवसांचे साधारण 22,192 रुपये. मधे कुठे ब्रेक असेल तर कमाई कमी होते पण भागायचे 730 तेच राहतात, त्यामुळे रक्कम खाली येते. मदत चालू आहे तोवर उपचारांचा हक्कही चालू राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आजारपणाचे पैसे

आजारपण लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के दराने, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस मिळतो. संबंधित सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत. टीबी, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या 34 दीर्घ आजारांना 80 टक्के दराने आणि दोन वर्षांपर्यंत लाभ आहे. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार सहामाहींत 156 दिवसांची वर्गणी हवी.

कुठली सहामाही कुठे मोजतात यात गोंधळ होतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. म्हणजे आज भरलेल्या वर्गणीचं फळ काही महिन्यांनी हातात येतं. म्हणूनच काम सुटल्यावर आजारी पडलात तरी वर्गणीने आधीच मिळवलेला हक्क लगेच संपत नाही.

दाखला ईएसआयच्या दवाखान्यातल्या किंवा नेमून दिलेल्या डॉक्टरचा लागतो. आपल्याकडे मिरज जवळ. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्यापासून डॉक्टरांचं गाव म्हणून मिरजेचा लौकिक, त्यामुळे माणूस आजारी पडला की घरचे थेट मिरजेच्या खासगी दवाखान्यात नेतात. नेऊ नये असं मी म्हणणार नाही, जीव आधी. पण त्याच आठवड्यात घरातल्या कुणीतरी खासगीचे कागद घेऊन ईएसआयच्या डॉक्टरांकडे जावं आणि दाखल्याचं विचारावं. खासगी दाखला पर्यायी पुरावा म्हणून मांडता येतो, पण तो मान्य करायचा की नाही हे ते तपासून ठरवतात. महिनाभराने गेलात तर तपासायला त्यांच्यापुढे काहीच उरत नाही.

एका कॅलेंडरची गोष्ट

आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा सीएनसी मशीनवर होता. कामाचा शेवटचा दिवस 10 जून. 18 जूनला कावीळ निघाली, 2 जुलैला फिट दाखला मिळाला. त्याने एका नेट कॅफेतून 11 जूनपासूनच्या सगळ्या दिवसांचा बेकारीचा अर्ज भरला आणि पंधरा दिवसांचे आजारपणाचे पैसेही मागितले. दोन्ही अडकले.

मी त्याच्या घरचं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. 18 जून ते 2 जुलै हिरव्या पेनाने घेरले, बाकीचे दिवस लाल पेनाने. त्याच्या आईने दुधाच्या खाड्यांसाठी त्याच चौकटींत फुल्या मारलेल्या होत्या, त्यामुळे जागा शोधून शोधून खुणा करायला लागल्या. पण दहा मिनिटांत चित्र स्वच्छ झालं. हिरवे पंधरा, त्यातले पहिले दोन वजा, म्हणजे तेरा दिवस. रोज सरासरी 500 धरले तर 350 प्रमाणे 4,550 रुपये. त्यातही 30 जूनला लाभाचा कालावधी बदलतो. जूनचे दिवस आधीच्या वर्षीच्या एप्रिल-सप्टेंबर वर्गणीवर, जुलैचे दोन दिवस ऑक्टोबर-मार्चवर. दोन्हीकडे त्याचे 78 भरत होते म्हणून निभावलं. लाल दिवसांचा अर्ज वेगळा, हिरवे वगळून.

तुम्हीही असंच करा. अर्ज भरण्याआधी कागदावर तारखा मांडा. पुढच्या तारखांची मदत आगाऊ मागता येत नाही, जे दिवस होऊन गेले त्यांचीच मागता येते. मधे दुसरीकडे काम लागलं तर त्या दिवसापासूनची मदत मागू नका. खोटं लिहून दिल्यास ते कायद्याने गुन्हा आहे.

अर्ज, कागद आणि खातं

बेकारीचा अर्ज ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून होतो. आता मालकाची सही किंवा शिफारस लागत नाही, तुम्ही थेट अर्ज करू शकता. पूर्वी स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट 2020 मध्ये काढली. त्यामुळे कोणी "स्टॅम्प आणि नोटरीचे इतके इतके द्या" म्हणालं तर आधी शाखेत विचारा. आधार आणि बँकेचे तपशील ऑनलाइन चढवायचे. ते जमलं नाही तर अर्जाची छापील प्रत काढून सही करून, झेरॉक्स जोडून शाखेत द्यायची. दिल्याची पोच घ्यायला विसरू नका. अर्ज काम सुटल्यापासून वर्षाच्या आत हवा.

नाव आधारवर, ईएसआयवर आणि पासबुकावर एकच हवं. कुपवाडच्या पॅकिंगच्या कामात असलेल्या बायकांचं इथेच अडतं. आधारवर सासरचं नाव, ईएसआयवर माहेरचं. हे काम सुटायच्या आधी दुरुस्त करून घेणं कितीतरी सोपं.

खात्याचंही बघा. आपल्याकडे अजून लोक "सांगली बँकेत खातं आहे" म्हणतात. ती बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरामध्ये आणि कॉर्पोरेशन, आंध्रा बँक युनियनमध्ये विलीन झाल्या, तेव्हा अनेकांचे आयएफएससी बदलले. जुना कोड भरला की मंजूर पैसे परत जातात आणि माणूस म्हणतो सरकारने दिले नाहीत. पतसंस्थेचं खातं यासाठी उपयोगाचं नाही, बँकेचंच हवं.

बेकारीचा पूर्ण अर्ज पोचल्यापासून 15 दिवसांत निकाली काढायचा, असं ठरलेलं आहे. आजारपणाचा पहिला हप्ता सगळे दाखले पूर्ण झाल्यापासून 7 दिवसांत द्यायचा असतो. यातला "पूर्ण" हा शब्द लक्षात ठेवा. एक झेरॉक्स कमी असेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून अर्ज दिल्यावर आठवड्याभरात शाखेत जाऊन, काही त्रुटी निघाली आहे का, एवढं विचारून या.

कारखानाच कायमचा बंद झाला, कायद्याने कामगार कपात झाली किंवा कामावरच्या अपघाताशिवाय 40 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व येऊन काम सुटलं, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी आधी करा. 2005 पासूनची ही योजना आहे. तीत 24 महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिले बारा महिने सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, पुढचे बारा 25 टक्के. 90 दिवसांच्या मदतीपेक्षा ती कितीतरी मोठी आहे आणि तिच्याबद्दल विचारणारे मला फार थोडे भेटले. बंदचा किंवा कपातीचा कागद मात्र पक्का लागतो.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर पोच आणि विमा क्रमांक हाताशी ठेवून 1800-11-2526 या ईएसआयच्या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. दर महिन्याला "सुविधा समागम" भरतो, तिथे अधिकाऱ्यांपुढे समोरासमोर गाऱ्हाणं मांडता येतं. तारीख शाखेतून कळते. त्या सीएनसीवाल्या मुलाला मी तिथेच पाठवलं होतं, कॅलेंडरचं ते पान घडी घालून त्याच्या फाइलीत.