दख्खनी मेंढी : हंगामी आरोग्य व पैदास

दख्खनच्या पठारावरील काटक, बहुधा काळ्या लोकरीची मेंढी. लोणंद, संगमनेरी, सांगोला, माडग्याळ हे तिचे परिचित स्थानिक प्रकार. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला अशा कमी पावसाच्या तालुक्यांत धनगर मेंढपाळ सांभाळतात. थंड देशांत दिवस लहान होऊ लागला की मेंढी माजावर येते. दख्खनी मेंढी मात्र बाराही महिने फळू (गाभण राहू) शकते. इथले वेळापत्रक पाऊस आणि चारा ठरवतात.

पहिल्या पावसानंतर कोवळे गवत फुटते आणि उन्हाळ्यात खंगलेली जनावरे अंग धरतात. जून ते ऑगस्ट या काळात बऱ्याच मेंढ्या फळतात. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणून कोकरांची मोठी लाट नोव्हेंबर ते जानेवारीत येते. मेंढ्या फळवण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलोच्या आसपास भरडलेले धान्य दिले तर माजावर येणाऱ्या मेंढ्या वाढतात. धान्य परवडत नसेल तर उन्हाळ्यात वेचून ठेवलेल्या बाभळीच्या शेंगाही कामाला येतात. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक नर पुरतो. तो दर दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर स्वतःच्याच पाटींवर (तरुण माद्यांवर) उडतो आणि खांड (कळप) खालावते.

याच कोवळ्या गवताबरोबर आंत्रविषार येतो. त्याचे जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. अचानक भरपेट खाणे झाले की ते झपाट्याने वाढून विष सोडतात. त्यामुळे पहिला बळी खांडातल्या सर्वांत धष्टपुष्ट, अधाशी कोकराचा जातो. संध्याकाळी चरून आलेले कोकरू सकाळी वाघरीत (जाळीच्या कुंपणात) मान मागे टाकून मेलेले सापडते. उपचाराला वेळच मिळत नाही. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यातच टोचावी. पहिल्यांदाच देत असल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. विण्याच्या महिनाभर आधी मेंढीला टोचली तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळते.

लोकर वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आगेमागे भादरतात. हल्ली लोकरीच्या पैशांतून भादरण्याची मजुरीही अनेकदा निघत नाही. तरी भादरावेच लागते, कारण भिजलेल्या लोकरीत गोचीड लपतात आणि फुप्फुसदाह बळावतो. पावसाळ्यात व त्यानंतर चिलटांमुळे नीलजिव्हा हा विषाणूजन्य रोग पसरतो. तोंड सुजून जनावर चारा सोडते, खुरांची वेदना होऊन लंगडते. चिखलात उभ्या मेंढ्यांचे खूर सडणे हा वेगळा रोग, पण लंगडणे पाहून अनेकदा दोन्हींची गल्लत होते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे पुरते.

दिवाळीनंतर अनेक वाडे (मेंढपाळांचे फिरते तळ) घाटाखाली कोकणात उतरतात. भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख. चालता न येणारी कोकरे घोड्यावर लादून नेतात. खाचरांच्या ओलीत मात्र गोगलगायींमार्फत यकृतातील चपट्या कृमींची लागण होते. गोल जंतांवरचे प्रत्येक औषध या कृमींवर चालत नाही, हे दुकानातून औषध घेताना विचारलेच पाहिजे. पाऊस सुरू होण्याआधी वाडे पुन्हा घाटावर येतात.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील गरोळ मेंढीत जुळ्यांकडे कल असणारा जनुक आहे. तो फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकराने दख्खनीत आणला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी एका वेताला सरासरी सुमारे दीड कोकरू देते. बसून पाळलेल्या खांडात हा फायदा उघड आहे. रोज कोसभर चालणाऱ्या मेंढीला मात्र दोन कोकरांचे दूध पुरवणे जड जाते.